कॉफी मशीन पुन्हा पुन्हा तुंबतंय? आधी पाणी कुठे अडतंय ते शोधा

तक्रार साधारण अशी असते. मशीन घेतलं, काही महिने झकास चाललं. मग कॉफी पातळ यायला लागली, किंवा तोटीतून धारेऐवजी नुसते थेंब पडायला लागले. चोथ्याच्या डब्यात घट्ट वड्या पडायच्या, तिथे आता चिखल साठतो. डीस्केलिंग केलं, म्हणजे आम्लाचं द्रावण फिरवून आतले क्षार काढले, चार दिवस बरं वाटलं आणि पुन्हा तेच. पुन्हा डीस्केलिंग. शेवटी कुणीतरी सांगतं की पंप गेलाय, आणि मशीन दुरुस्तीला रवाना होतं.

माझं ठाम मत आहे की अशा वेळी पंपावर संशय सगळ्यात शेवटी घ्यावा. बिघाड परत येतो, कारण उपाय चुकीच्या जागी होत असतो. बिया दळण्यापासून कप भरण्यापर्यंत सगळं स्वतः करणाऱ्या मशीनमध्ये दोन अगदी वेगळ्या प्रकारची घाण साठते: एक पाण्याची, दुसरी कॉफीची. पाण्याची घाण म्हणजे क्षार. पाणी तापलं की त्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट मोडतं, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेटचा कडक पांढरा थर हीटरच्या आतल्या बाजूला बसतो. हा थर आम्लाने विरघळतो. कॉफीची घाण म्हणजे बियांमधलं तेल आणि त्यात रुतून बसलेली बारीक पूड. ही तपकिरी, चिकट आणि थोड्या दिवसांनी खवट वासाची. तिच्यावर डीस्केलिंगचं आम्ल काही करत नाही. तिला कोमट पाणी, ब्रश आणि तेल काढणारी अल्कधर्मी गोळी लागते.

त्यातून अनेक मशीनमध्ये डीस्केलिंगचं द्रावण मुख्यतः हीटर आणि गरम पाण्याच्या नळीतून फिरतं. कॉफी जिथे प्रत्यक्ष तयार होते, त्या ब्रू ग्रुपची सफाई त्यात होत नाही. म्हणजे तुम्ही महिनोन्‌महिने नियमाने डीस्केलिंग करत असाल आणि तरीही मशीन तुंबत असेल, तर तुमच्याकडून हयगय झालेली नाही. घाणच वेगळ्या ठिकाणी आहे.

आधी ही एक चाचणी करा

कॉफी करू नका. टाकी भरा, गरम पाण्याच्या तोटीखाली मोजमापाचा कप ठेवा आणि नुसतं गरम पाणी सोडा. साधारण 200 मिलि येऊ द्या. धार कशी आहे ते बघा आणि पंपाचा आवाज ऐका.

धार सलग आणि जोरकस असेल, आवाज एकसारखा असेल, तर टाकी, पंप आणि हीटर यांची वाट मोकळी आहे. अडथळा पुढे आहे, ब्रू ग्रुपमध्ये किंवा कॉफीतच. याउलट गरम पाणीही फुसफुसत, अडखळत, बारीक धारेने येत असेल तर अडथळा अलीकडे आहे: टाकी, फिल्टर, पंपात शिरलेली हवा किंवा हीटरमधले क्षार. दोन मिनिटांत होणारी ही चाचणी केल्याशिवाय कोणतंही रसायन विकत घेऊ नका. वेगळी तोटी नसेल तर वाफेच्या नळीतून पाणी सोडायची सोय आहे का, ते माहितीपुस्तिकेत बघा.

गरम पाणी नीट येतं, पण कॉफी अडते

माझ्या मते घरगुती वापरात सर्वाधिक दुर्लक्ष याच बाजूला होतं, म्हणून इथे जरा सविस्तर.

सुरुवात दळण्यापासून करा. पूड जितकी बारीक, तितकं पाणी हळू जातं. एस्प्रेसोला साधारण 25 ते 30 सेकंद लागावेत. फारच थेंबथेंब पडत असेल तर दळणाचं बटण एक घर भरड बाजूला फिरवा. ते फिरवायचं फक्त ग्राइंडर चालू असताना, आणि एका वेळी एकच घर. बंद ग्राइंडरवर जोराने बारीक बाजूला फिरवलं तर मध्ये अडकलेल्या दाण्यांमुळे यंत्रणेवर ताण येतो. बदल लगेच दिसत नाही. वाटेत जुनी पूड शिल्लक असते, त्यामुळे दोन-तीन कप जाऊ द्यावे लागतात.

पण एक गोष्ट नीट तपासा. बिया त्याच आहेत, दळणाचं घर तेच आहे, आणि तरीही कॉफी दिवसेंदिवस हळू होत चालली आहे का? मग दोष दळणाचा नाही. पुढची वाट अरुंद होत आहे. अशा वेळी भरड करत जाणं म्हणजे दुखणं झाकणं. पुढच्या महिन्यात आणखी एक घर, त्यानंतर आणखी एक, आणि शेवटी बटण भरडच्या टोकाला पोचतं, कॉफी पाणचट होते आणि तरी थेंबच पडतात. परत परत तुंबणाऱ्या मशीनची गोष्ट बहुतेकदा याच वळणाने जाते.

आता ब्रू ग्रुप. दळलेली पूड यातल्या सिलिंडरमध्ये पडते, दट्ट्या ती दाबतो आणि तापलेलं पाणी दाबाखाली तिच्यातून जाऊन बारीक जाळीवाटे बाहेर पडतं. त्या जाळीची भोकं तेल आणि पुडीने बुजतात. ग्रुप काढता येणारा असेल तर मशीन बटणाने बंद करा, त्याचं स्वतःचं खळबळणं संपू द्या, ग्रुप आपल्या जागी येऊन थांबला की मगच दार उघडून खटका दाबून बाहेर काढा. निघत नसेल तर ओढू नका. मशीन पुन्हा चालू-बंद करा, म्हणजे तो मूळ जागी येतो.

नळाखाली कोमट पाण्याने धुवा. वरची जाळी बोटाने हलकेच चोळा, उजेडात धरून बघा. भोकांतून प्रकाश दिसत नसेल तर मऊ ब्रश वापरा. साबण नको, तो सांध्यांमधलं ग्रीस काढून टाकतो आणि वासही मागे ठेवतो. डिशवॉशर तर नकोच. धुतल्यावर कापडाने पुसू नका, कारण कापडाचे धागे आत अडकून राहतात. तसाच हवेवर वाळू द्या. आठवड्यातून एकदा एवढं केलं तरी खूप फरक पडतो.

धुण्याने सगळं तेल जात नाही. त्यासाठी तेल काढणारी गोळी असते. आयत्या दळलेल्या कॉफीसाठी वरती जो कप्पा असतो, त्यात ती टाकून सफाईचा कार्यक्रम चालवतात. रोज काही कप होत असतील तर महिन्यातून एकदा करणं योग्य. ग्रुप आतच बसवलेला, न निघणारा असेल तर ही गोळी म्हणजे तुमच्या हातातला मुख्य उपाय आहे. मशीन मागेल तेव्हा ती टाळू नका.

नंतर ग्रीस. ग्रुप बाहेर असताना दट्ट्याभोवतीची रबरी रिंग आणि बाजूचे सरकते मार्ग बघा. कोरडे पडले असतील तर ग्रुप कुरकुरतो, मोटरवर ताण येतो, पूड नीट दाबली जात नाही आणि पाणी रिंगेच्या कडेने निसटतं. चोथा चिखलासारखा होण्याचं आणि मशीनच्या आत पाणी साचण्याचं हे एक मोठं कारण आहे. खाद्यपदार्थांना चालणारं सिलिकोन ग्रीस घ्या, बोटावर अगदी थोडं, पातळ थर. दोन महिन्यांनी किंवा साधारण 500 कपांनी पुन्हा. स्वयंपाकाचं तेल लावू नका, ते स्वतःच खवट होऊन चिकटतं. पेट्रोलियम जेलीही नको, तिने काही प्रकारचं रबर फुगतं. रिंग चपटी किंवा चिरलेली दिसली तर ती बदला. सुटी रिंग मिळते, पूर्ण ग्रुप बदलायची गरज नसते.

आणि आता ती जागा, जिच्याकडे कुणीच बघत नाही: ग्राइंडर आणि ब्रू ग्रुप यांच्यामधला पूड पडायचा मार्ग. खालच्या गरम ग्रुपमधून वाफ वर चढते, तिथली पूड ओलसर होते आणि भिंतींना पापुद्र्यासारखी चिकटत जाते. मार्ग निम्मा बुजतो. इथे मशीनची एक मर्यादा लक्षात घ्यायला हवी. घरगुती मशीन सहसा पूड तोलत नाही. ग्राइंडर किती वेळ किंवा किती फेरे चालला, एवढंच त्याला कळतं. त्यामुळे दळलेल्या पुडीचा काही भाग वाटेत अडकला तरी मशीनच्या हिशोबी माप पूर्ण झालेलं असतं. कपात येते पाणचट कॉफी, डब्यात पडते पातळ, ओली चकती. आपण स्ट्राँग कॉफीचं बटण दाबतो, ग्राइंडर जास्त दळतो, मार्ग आणखी बुजतो.

सफाई सोपी आहे. प्लग काढा, ग्रुप बाहेर घ्या, वाकून वर बघा. तो मार्ग दिसतो. कोरड्या ब्रशने किंवा चमच्याच्या दांड्याने पापुद्रे खाली पाडा, पडलेली पूड व्हॅक्युम क्लीनरने ओढून घ्या. तिथे पाणी अजिबात नेऊ नका. ग्रुप ओला असताना लगेच आत बसवायचा नाही, असं मी म्हणतो ते याचसाठी.

बियांबद्दल मी थोडा आग्रही आहे. फार काळपट भाजलेल्या, तेलाने चकचकणाऱ्या बिया या मशीनना मानवत नाहीत. त्या वरच्या डब्याच्या भिंतीला चिकटतात, ग्राइंडरच्या तोंडाशी कमान धरून अडकतात, आणि ग्राइंडर मोकळाच फिरतो. आवाज एकदम चढा आणि पोकळ झाला की ओळखावं. वर सांगितलेला मार्गही याच बिया सर्वात लवकर बुजवतात. मध्यम भाजलेल्या, कोरड्या पृष्ठभागाच्या बिया घ्या. आणि साखरेचा किंवा कॅरमेलचा लेप असलेल्या, वरून चव लावलेल्या बिया कधीही घालू नका. ती साखर ग्राइंडरच्या दात्यांत घट्ट बसली की साध्या सफाईने निघत नाही.

गरम पाणीच नीट येत नाही

टाकी काढून परत नीट दाबून बसवा. तळाशी असलेली झडप आणि बारीक जाळी बुळबुळीत झाली असेल तर स्वच्छ करा. टाकीत फिल्टर असेल तर तो काढून चाचणी पुन्हा करा. धार लगेच सुधारली तर फिल्टर संपला आहे. या फिल्टरचं आयुष्य बऱ्याचदा दोन महिने किंवा 50 लिटरच्या आसपास असतं, नेमका आकडा त्याच्या वेष्टनावर मिळेल. आणि फिल्टर नवा घातल्याबरोबर मशीन अडलं असेल तर त्यात हवा आहे. पाण्यात उलटा बुडवून, बुडबुडे थांबेपर्यंत धरून मगच तो बसवायचा असतो.

पूर्ण रिकामी झालेली टाकी हेही असंच कारण. या मशीनमधल्या छोट्या कंपन पंपाला हवा ढकलता येत नाही. तो मोठ्याने घरघरतो आणि पाणी येत नाही. गरम पाण्याची तोटी उघडी ठेवून थोडा वेळ पाणी खेचू द्या, मध्ये थांबा, पुन्हा करा. सलग धार आली की झालं.

यातलं काहीच नसेल तर क्षार. डीस्केलिंग करताना फिल्टर बाहेर काढा, नाहीतर द्रावण त्याच्यातच वाया जातं. कंपनीने सांगितलेलं द्रावण वापरणं सर्वात सुरक्षित. त्यात बहुधा लॅक्टिक, सायट्रिक किंवा सल्फॅमिक आम्ल असतं. घरी सायट्रिक आम्ल वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: द्रावण गरम आणि फार तीव्र असेल तर कॅल्शियम सायट्रेटचा साका तयार होतो, आणि तो गरम पाण्यात आणखी कमी विरघळतो. म्हणजे क्षार काढायला गेलो आणि नळीत नवा गाळ बसवून आलो. व्हिनेगर टाळा. ते सौम्य आहे, आणि त्याचा वास रबरात बसला की अनेक कपांपर्यंत जात नाही.

कार्यक्रमात मशीन मध्येच थांबतं, काहीच होत नाहीसं वाटतं. ते थांबणं मुद्दाम ठेवलेलं आहे, आम्लाला काम करायला वेळ हवा असतो. तेव्हा बंद करू नका. पहिल्यांदा फार उशिरा डीस्केलिंग केलेल्या मशीनमध्ये आणखी एक प्रकार होतो: सुटलेले कपचे झडपेत किंवा बारीक नळीत जाऊन अडकतात आणि मशीन सफाईनंतर जास्तच तुंबतं. घाबरू नका. साध्या पाण्याने भरपूर खळबळून, एक दिवस जाऊ देऊन पुन्हा एक सौम्य फेरी करा.

डीस्केलिंग केलं तरी दिवा जात नाही

हा दिवा म्हणजे डीस्केलिंग करा, अशी मशीनची सूचना. तो जात नसेल तर बहुतेकदा खळबळण्याचा टप्पा अपुरा राहिलेला असतो. दिवा घालवण्यासाठी मशीनला ठरावीक पाणी आरपार गेलेलं मोजायचं असतं. टाकी खुणेपर्यंत भरली नव्हती, मध्ये वीज गेली, किंवा खालचं भांडं भरलं म्हणून आपण थांबवलं, तर हिशोब अर्धवट राहतो. सुरुवातीपासून पूर्ण कार्यक्रम पुन्हा करा, मोठं भांडं लावून.

दिवा दर थोड्या दिवसांनी परत लागतो, ही तक्रार वेगळी. दिव्याला क्षार दिसत नसतात. तुम्ही मेनूत पाण्याचा जो कठीणपणा, म्हणजे त्यातल्या क्षारांचं प्रमाण, भरलाय आणि जितकं पाणी गेलंय, त्यावरून मशीन फक्त अंदाज बांधतं. अनेक मशीन कारखान्यातूनच सर्वात कठीण पाण्यावर लावून येतात, मग पाणी मृदू असलं तरी दिवा लवकर लागतो. सोबत येणारी चाचणीपट्टी बुडवा आणि खरा आकडा भरा. कठीणपणा काही ठिकाणी जर्मन अंशात दिलेला असतो: 1 अंश म्हणजे लिटरमागे सुमारे 17.8 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट.

उलटी चूक जास्त महाग पडते. मेनूत फिल्टर 'चालू' आहे, पण टाकीत फिल्टर नाहीच, किंवा केव्हाच संपलाय. मशीन निश्चिंत राहतं, दिवा लागत नाही आणि क्षार साठत राहतात. मेनू उघडून हे आजच बघा. डिस्टिल्ड पाणी घालून हा प्रश्न सोडवू नका. त्यात कॉफी सपक लागते आणि काही मशीनचे सेन्सर असं पाणी ओळखत नाहीत.

बाकी छोट्या तक्रारी. खालच्या ट्रेमध्ये पाणी साचणं ही गळती नव्हे. प्रत्येक कपानंतर उरलेला दाब आणि चालू-बंद करतानाचं खळबळलेलं पाणी तिथेच सोडलं जातं. टाकी भरलेली असूनही 'पाणी भरा' येत असेल तर टाकीतला तरंगता तुकडा अडकला असेल, तो हलवून मोकळा करा. दूध गरम होतं पण फेस येत नाही, याचा अर्थ हवा ओढणारं बारीक भोक सुकलेल्या दुधाने बंद झालंय. वाफेच्या ओढीने दूध आणि हवा एकत्र येतात, हवा नाही तर फेस नाही. ते भाग वापरानंतर लगेच धुवा, दूध थंडगार घ्या. आणि काही दिवस बाहेर जाणार असाल तर चोथ्याचा डबा रिकामा करून, ग्रुप धुऊन, दार उघडं ठेवून जा. बंद, ओलसर जागेत चोथ्यावर बुरशी फार झपाट्याने धरते.

नवं घ्यायचं असेल तर

खोक्यावरचा दाबाचा 15 किंवा 19 बारचा आकडा विसरा. एस्प्रेसोला सुमारे 9 बार पुरतात, त्यापुढचा आकडा पंपाची कमाल क्षमता सांगतो, कपातल्या चवीबद्दल काही नाही. मी सर्वात आधी दार उघडून ब्रू ग्रुप हाताने निघतो का ते बघेन. न निघणारे ग्रुपही उत्तम कॉफी देतात, पण मग आतली अवस्था तुम्हाला कधीच दिसत नाही आणि तुम्ही दुरुस्ती केंद्रावर जास्त अवलंबून राहता. त्यानंतर पूड पडायच्या मार्गापर्यंत ब्रश पोचतो का, दुधाचे भाग किती तुकड्यांत सुटतात, आणि रबरी रिंगा व जाळी सुट्या मिळतात का. पेयांचे पंधरा प्रकार आणि रंगीत पडदा यांच्यापेक्षा या गोष्टी मला कितीतरी महत्त्वाच्या वाटतात. वापरलेलं मशीन घेताना मेनूतला कपांचा आकडा आणि डीस्केलिंगचा आकडा दोन्ही मागा. हजारो कप आणि मोजकीच डीस्केलिंग असतील तर पुढे विचारूच नका.

दुरुस्तीला कधी द्यायचं

वरचं सगळं करूनही गरम पाणी येत नसेल, मशीन तापतच नसेल, आतून जळका वास येत असेल किंवा ट्रेबाहेर पाणी पसरत असेल, तर प्लग काढा आणि थांबा. बाहेरचं कवच घरी उघडू नका. आत मुख्य वीज आणि दाबाखालचं गरम पाणी दोन्ही असतं, शिवाय वॉरंटीही जाऊ शकते. देताना मॉडेल क्रमांक, कपांचा आकडा, शेवटचं डीस्केलिंग आणि शेवटची गोळी कधी झाली, हे लिहून द्या. गरम पाण्याच्या चाचणीत काय दिसलं ते सांगा, आणि जमल्यास कॉफी अडतानाचा आवाजासह छोटा व्हिडिओ दाखवा. दुरुस्तीच्या टेबलावर थंड, कोरड्या मशीनमध्ये तो बिघाड पुन्हा दिसेलच असं नाही.